स्पूल, ब्लेड आणि लालबागची खानावळ

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यकारिणीतून फोन आला तेव्हा मला विषय सांगितला होता, "मुलांना मीडिया कोर्सला पाठवावं का?" मी म्हटलं, याचं उत्तर देणारी मी कोण? उद्या कुणाच्या मुलाला नोकरी लागली नाही तर दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्याशी कोणी बोलणार नाही. म्हणून विषय थोडा बदलून घेतला. मीडिया कोर्सला गेलेली मुलं दिवसभर नेमकं करतात काय, हे मी सांगू शकते. कारण एक वर्ष मी ते केलंय आणि आता माझी मुलगी इथल्या विद्यापीठात तेच करते आहे. पाठवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. समोर बसलेल्या दोन-तीन मुलांनी आधीच ठरवलेलं दिसतंय, आईवडिलांना कळवायचं तेवढं बाकी आहे.

तर १९९० साल. साताऱ्याहून बी.ए. होऊन मी मुंबईला एका वर्षाच्या डिप्लोमाला आले. तेव्हा आपल्याकडे रेडिओ म्हणजे आकाशवाणी आणि टीव्ही म्हणजे दूरदर्शन, संपलं. उपग्रह वाहिन्या १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या सुमारास आल्या, झी सुरू झालं ऑक्टोबर १९९२ मध्ये. आम्ही त्याच्या जेमतेम आधी. त्यामुळे "कोर्स करून पुढे काय?" या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. आमच्या आत्याचं एकच म्हणणं, "म्हणजे तू प्रदीप भिड्यांसारख्या बातम्या देणार?" मी हो म्हणून टाकलं. तेवढंच तिला वाड्यात सांगायला बरं.

रेडिओ-टीव्ही शिकायला घराबाहेर पडणं आपल्या लोकांना तसं नवं नाही म्हणा. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत असताना प्रशिक्षणासाठी इथेच, लंडनला, बीबीसीत आले होते. 'अपूर्वाई' आपल्याला मिळालं ते त्या प्रवासामुळे. फरक एवढाच, की ते पु. ल. होते आणि आम्ही बावीस जण कोणीच नव्हतो. आमचे कार्यक्रम कुठेही प्रसारित होणार नव्हते. बावीस जणांनी करायचे आणि बावीस जणांनीच ऐकायचे. फार तर आकाशवाणीच्या 'युववाणी'त कुणाला आठ-दहा मिनिटं मिळाली, तर तो आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडायचा.

टीव्हीचं आधी सांगून टाकते, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय. स्टुडिओत तीन कॅमेरे. वरच्या काचेच्या खोलीत प्रोड्यूसर बसणार, तो दर आठवड्याला वेगळा. म्हणजे या आठवड्यात जो तुमच्यावर ओरडतो, तो पुढच्या आठवड्यात तुमच्या हाताखाली केबल ओढतो. याच्याइतकी स्वभाव सुधारणारी व्यवस्था मी पुढे कुठेच पाहिली नाही. प्रोड्यूसर हेडफोनवरून सांगतो, "टू, क्लोज घे, थ्री स्टँडबाय, टेक टू." खाली फ्लोअर मॅनेजर बोटांनी खुणा करतो : दोन मिनिटं, एक मिनिट, गुंडाळ. त्याला बोलता येत नाही, सगळं मूकनाट्य. आमच्याकडचा एक मुलगा इतका बडबड्या होता, की त्याला मुद्दाम दोनदा फ्लोअर मॅनेजर केला.

पहिला प्रोजेक्ट होता दहा मिनिटांचा महिलांसाठीचा कार्यक्रम. त्यात मी पाककृती सुचवली, उकडीचे मोदक. तालमीला काही अडचण आली नाही. प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला डोक्यावर दोन-दोन किलोवॉटचे दिवे, आणि आवाज येतो म्हणून एसी बंद. पाहुण्या बाईंनी पहिल्या मोदकाला पाकळ्या काढल्या, कॅमेरा दोन अजून फोकस करतोय तोवर मोदक बसला. दुसरा केला, तोही बसला. तिसऱ्याला त्या शांतपणे कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आता याची आपण निवगरी करू." उरलेली उकड आणि सारण ब्रेकमध्ये कॅमेरामन मंडळींनी संपवलं. तेव्हापासून आमच्यात नियम झाला, की खायची वस्तू असेल तर दुप्पट आणायची, एक कॅमेऱ्याला आणि एक कॅमेऱ्यामागच्यांना.

बाहेरचं शूटिंग म्हणजे आणखी गंमत. यू-मॅटिक कॅमेरा एकाच्या खांद्यावर आणि रेकॉर्डर दुसऱ्याच्या, मध्ये केबल. लग्नात उपरण्याची गाठ मारतात तसं. एकाने रस्ता ओलांडला की दुसऱ्याला ओलांडायलाच हवा. मुंबईत, फ्लोरा फाउंटनला, संध्याकाळी सहा वाजता. कॅसेट वीस मिनिटांची, म्हणून विचार करूनच बटण दाबायचं.

एडिटिंग एका टेपवरून दुसरीवर, क्रमाने. तिसऱ्या मिनिटाला चार सेकंद वाढवायचे असतील, तर पुढचं सगळं उसवून परत विणायचं. नाहीतर कॉपीची कॉपी काढायची, आणि मग चित्र धुवट होत जातं. त्यामुळे टेपला हात लावायच्या आधी सगळा कार्यक्रम कागदावर लिहावा लागे, कुठला शॉट, कुठून कुठपर्यंत, किती सेकंद. आज माझी मुलगी कीबोर्डवर एक बटण दाबून केलेलं मागे घेते. मला तिचा हेवा वाटतो. आमचे हाल झाले म्हणून आमचंच शिक्षण खरं, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

आता रेडिओ. वर्षभरातलं खरं जे काही माझ्या हाती लागलं ते रेडिओत.

पाव इंच रुंदीची तपकिरी टेप, स्पूलवर गुंडाळलेली. आवाज सेकंदाला साडेसात इंच या वेगाने पळायचा. हे गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नको असलेलं वाक्य काढायचं म्हणजे खरोखर कापायचं. दोन्ही स्पूल हातांनी पुढे-मागे हलवत ती जागा शोधायची. तेव्हा माणसाचा आवाज म्हशीच्या रेकण्यासारखा येतो. पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, धातूच्या खाचेत टेप बसवून ब्लेडने तिरकी कापायची आणि मागून चिकटपट्टी लावायची. 'प', 'क', 'ट' ही अक्षरं कापायला सोपी, कारण त्यांच्या आधी क्षणभर आवाज पूर्ण थांबतो. 'म' आणि 'न' फार चिवट, आधीच्या शब्दाला धरून बसतात. कापलेले तुकडे टाकायचे नाहीत, क्रमाने भिंतीला चिकटवायचे. आमच्या एडिटिंग रूमची भिंत वाळत घातलेल्या शेवयांसारखी दिसायची.

वर्षाअखेरीला दहा मिनिटांचं रेडिओ फीचर करायचं होतं. आमच्या गटात चौघं. एक पंजाबी, एक केरळचा, एक मुंबईचीच पारशी मुलगी, आणि मी. विषय ठरला गिरणगावातल्या खानावळी. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. त्याला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. पण ज्या बायका दहा बाय बाराच्या खोलीत तीन पाळ्यांच्या माणसांना जेवू घालत होत्या, त्यांचं काय झालं? प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना एकत्र आणलं होतं, एवढं वाचून आम्हाला माहीत. बाकी काही नाही.

कोर्स सगळा इंग्रजीत. तोवर मी वर्गात तोंड उघडताना दोनदा विचार करायची. लालबागच्या चाळीचा जिना चढलो आणि एकदम उलटं झालं. बाकी तिघं माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मावशी साठीच्या असतील. मूळच्या माणदेशातल्या. मी साताऱ्याची म्हटल्यावर आधी गाव, मग तालुका, मग पाहुणे कोण, आणि मग मायक्रोफोन. आमचे स्पूल पंधरा मिनिटांत संपायचे. मावशी मात्र स्पूल बदलायला थांबत नव्हत्या, त्यामुळे काही चांगलं बोलणं हवेतच गेलं. एकूण पाऊण तास रेकॉर्ड झाला.

शेवटी आमच्या केरळच्या मित्राने सांगितलं, की आता अर्धा मिनिट कोणी बोलू नका. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि ती मुद्दाम रेकॉर्ड करून ठेवायची असते. दोन तुकड्यांच्या मध्ये भरायला ती लागते, नाहीतर कानाला खड्डा जाणवतो. मावशींना हे काही पटेना. "बोलायचं न्हाई, आन् मशीन चालू?" म्हणून हसल्या. मग पदर तोंडाला लावून गप्प बसल्या. त्या अर्ध्या मिनिटात स्टोचा आवाज आहे, खालून जाणारी एक बस आहे आणि शेवटी मावशींचं दाबलेलं हसू आहे.

आता त्या काय बोलल्या ते. संपाच्या पहिल्या महिन्यांत त्यांच्याकडे वीस-बावीस माणसं जेवत होती. पगार बंद, त्यामुळे खाडा नाही तो उधारीचाच. वही होती. दुकानदाराने त्यांना धान्य देणं थांबवलं, तेव्हा त्यांनी पाटल्या मोडल्या. पुढे माणसं एकेक करून गावाला गेली. काहींनी नंतर पैसे आणून दिले, बऱ्याच जणांनी नाही. हे सांगताना त्यांचा आवाज चढत नव्हता, प्रत्येक वाक्याच्या शेवटी खाली जात होता.

एडिटिंगला आमच्यातली पारशी मैत्रीण बसली, तिचा हात सर्वांत सफाईदार. मराठी तिला कामापुरतं यायचं. संध्याकाळी तिने कापलेला भाग आम्हाला ऐकवला. त्यात मावशी म्हणतात, "पोरांचं जेवान म्या बंद केलं." आणि पुढे स्टोचा आवाज.

मी म्हटलं, थांब. भिंतीवरचे तुकडे काढ.

मूळ वाक्य होतं, "पोरांचं जेवान म्या बंद केलं न्हाई." तो 'न्हाई' इतका हळू आला होता, की मशीनच्या काट्यावर जेमतेम हालचाल. मराठी न येणाऱ्याला तो नुसता सुस्कारा वाटणार. तिला वाटलं, वाक्य 'केलं'ला संपलं. चूक तिची तरी कशी म्हणायची? तिच्या इंग्रजी कानाला नकार वाक्याच्या मध्येच येऊन गेलेला असतो. आपण मराठी माणसं मात्र सगळं सांगून झाल्यावर शेवटी 'नाही' म्हणतो. म्हणजे साडेतीन-चार इंच टेप. ती भिंतीवर राहिली असती, तर ज्या बाईने पाटल्या मोडून माणसं जेवू घातली, तिच्याच तोंडून तिने ताट काढून घेतल्याचं आमच्या फीचरमध्ये गेलं असतं. आणि गुण आम्हाला चांगलेच मिळाले असते! कारण ऐकणाऱ्यांपैकी मराठी नीट येणारे होतेच किती?

तो तुकडा आम्ही परत जोडला. मग आमच्यात ठरलं, की मावशींना ऐकवल्याशिवाय द्यायचं नाही. पंजाबी मित्राचा याला विरोध होता. त्याचं म्हणणं, पत्रकार छापायच्या आधी दाखवत नसतो, उद्या मंत्रीही म्हणेल आधी मला ऐकव. मुद्दा चुकीचा नव्हता. यावर वडापाव खात तासभर भांडण झालं. मंत्र्याला पत्रकार परिषद घेता येते, मावशींना नाही, यावर शेवटी तो गप्प बसला. पटलं म्हणून की वडापाव संपला म्हणून, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

कॅसेटवर उतरवून घेऊन गेलो. मावशींनी भाकरी थापता थापता ऐकलं. एका ठिकाणी हात थांबला. त्यांनी एका माणसाचं नाव घेतलं होतं, सर्वांत मोठी उधारी त्याची. म्हणाल्या, "हे नाव काढ. त्येची लेक हितंच दिलीया, खालच्या मजल्याला. तिच्या कानाव कशापायी?"

नाव एकच शब्द होता. दोन-तृतीयांश सेकंद, म्हणजे आपल्या मघाच्या हिशेबाने पाच इंच. ते कापलं, आणि त्या जागी त्यांच्याच खोलीच्या शांततेचे पाच इंच जोडले. आता फीचरमध्ये त्या म्हणतात, "सगळ्यात जास्ती..." मग स्टोचा बारीक आवाज, मग "...ह्याचं ऱ्हायलं." ऐकणाऱ्याला वाटतं, त्या आठवायला थांबल्या.

नवीन कॅसेट घेऊन परत गेलो. त्यांनी तेवढीच जागा पुन्हा ऐकली. मग विचारलं, "कापल्यालं कुटं हाय?" मी ते पाकिटात घालून नेलंच होतं. त्यांनी तो तुकडा उजेडाकडे धरून उलटसुलट बघितला. "ह्यात त्येचं नाव हाय?" मी हो म्हटलं. त्यांनी फळीवरून उधारीची वही काढली, पान शोधलं, फीत त्यात ठेवली आणि वही परत फळीवर. मग आम्हाला जेवायला वाढलं, आणि पैसे घेतले नाहीत.

आमच्या संस्थेत टेप परत करावी लागे. परदेशी माल, महाग. पुढच्या तुकडीने त्याच स्पूलवर त्यांचे प्रोजेक्ट केले, त्यामुळे मूळ टेप पुसली गेली. बहुतेक सर्व ठिकाणी तेव्हा असंच चाले. राहिली ती कॅसेट. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने ती कॉम्प्युटरवर घेऊन दिली. त्यातले चाळीस सेकंद आता ऐकवते.

(येथे ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आलं.)

शेवटचं हसू ऐकलंत ना? ते आम्ही ठेवलं.

पुढे बरंच बदललं. भारत सरकारने डिसेंबर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र चालवायला परवानगी दिली. १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं, पुण्यात विद्यापीठाची 'विद्यावाणी' आली. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळू लागली आणि आमच्या साताऱ्यात, म्हसवडला, 'माणदेशी तरंग' सुरू झालं. मावशींच्या मुलखात, त्यांच्या बोलीत. आज विद्यार्थ्याचा आवाज बावीस जणांच्या पलीकडे जातो, हे मला फार मोठं वाटतं.

माझी मुलगी आवाज कानाने कापत नाही, डोळ्यांनी कापते. पडद्यावर डोंगररांगेसारखी रेघ दिसते, उंच तिथे बोलणं, सपाट तिथे शांतता. आता तर सॉफ्टवेअर आपणहून सपाट जागा काढून टाकतं, 'अं', 'म्हणजे', श्वास, सगळं. वेळ वाचतो, खरंच वाचतो. मी एकदा मावशींचं वाक्य तिच्या लॅपटॉपवर लावलं आणि म्हटलं, यातली शांतता काढायला सांग बरं. सॉफ्टवेअरने 'न्हाई' काढून टाकला. आमच्या पारशी मैत्रिणीला हे मी लगेच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे मी काळाच्या पुढेच होते!

मुलीला मराठी कळतं, बोलताना अडखळते. पण त्या दिवसापासून आजीशी फोनवर बोलताना ती वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबते. आधी थांबत नसे.

आता मी आज इथे का उभी आहे ते सांगते. मंडळाच्या मुलांनी आपल्यातल्या सर्वांत जुन्या मंडळींचे आवाज रेकॉर्ड करायचं ठरवलंय. साठ-सत्तरच्या दशकांत इथे आलेले डॉक्टर, इंजिनीअर, आणि त्यांच्यामागून तांदूळ आणि गोडा मसाला घेऊन आलेल्या त्यांच्या बायका. पहिल्या मंडळींनी पंच्याऐंशी ओलांडली आहे. मुलांकडे फोन आहे, चांगला मायक्रोफोन आहे, उत्साह आहे. त्यांना मी चारच गोष्टी सांगितल्या आहेत. निघण्यापूर्वी विचारा, "यातलं काही काढायचंय का?" कापलेलं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, आणि ते कुणाचं, ते ज्याचं त्याला विचारा. फाइलला नाव आणि तारीख द्या, 'आजोबा फायनल २' असलं काही नको. आणि शेवटी अर्धा मिनिट कोणी बोलू नका, आजी हसल्या तरी चालेल.

पहिलं रेकॉर्डिंग येत्या रविवारी दुपारी तीनला आहे. ज्यांच्या घरी आहे त्यांना एक विनंती. इथल्या स्वयंपाकघरात स्टो नसतो, फ्रीज असतो, आणि तो फार घुमतो. तेवढा वेळ बंद ठेवा. मुलांनो, बंद केल्यावर गाडीची किल्ली फ्रीजच्या आत ठेवा, म्हणजे फ्रीज परत चालू केल्याशिवाय तुम्हाला घरी जाता येणार नाही. मागच्या आठवड्यात तालमीला आमच्याकडचं श्रीखंड वाचलं ते त्यामुळेच.

मागून सेक्रेटरी बोटांनी 'गुंडाळा' म्हणतायत. ही खूण मला अजून कळते. प्रश्न चहा घेता घेता विचारा.